अक्कांच्या भिंतीवरचा रिकामा खिळा

काढलेले फोटो ज्याचे त्याला देऊन टाकावे लागतात. किस्से मात्र कुणी मागायला येत नाही, त्यामुळे ते आपल्याकडेच साठत जातात. आमची जुनी व्हॅन चेन्नईहून निघाली की पहिल्या टोलनाक्यापर्यंत एखादा जुना किस्सा उगाळून होतो आणि परत येताना नवा मिळालेला असतो. आता ते इतके झालेत की मित्रमंडळी जेवायला आली की "फोटो नको, किस्से सांग" म्हणतात. फोटोग्राफरचा याहून मोठा अपमान नाही, पण मी सांगते.

आम्ही म्हणजे मी आणि सेंदिल. मी मेधा, साताऱ्याची. नवऱ्याला सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरी लागली म्हणून इथे आले आणि गावोगाव हिंडून माणसांचे फोटो काढायला लागले. सेंदिल पक्का चेन्नईचा, मांबलमचा. लाइट तो धरतो, बहुतेक वेळा गाडी तोच चालवतो आणि घरी आल्यावर कॉम्प्युटरवर फोटो साफसूफ करायचं कामही त्याचंच. चेहऱ्यावरची पुटकुळी, साडीवरचा डाग, भिंतीवरची पाल, काहीही त्याच्या हातून सुटत नाही. हा त्याचा गुण लक्षात ठेवा.

* * *

वेस्ट मांबलममध्ये भाड्याने घर बघायला गेले तेव्हा दार कमळाक्कांनी उघडलं. घरमालकीण, वय ऐंशीच्या पुढे, घराणं तंजावरकडचं मराठी. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी मला बसवून फिल्टर कॉफी दिली आणि मी बोलत होते तोवर माझ्या तोंडाकडे बारकाईने बघत राहिल्या.

"मूळ कुठचे तुम्ही?"

"साताऱ्याचे."

"तरीच. मराठी थोडी बिघडली अहे. हिंदी शिरली अहे." मग माझा पडलेला चेहरा बघून त्यांनी धीर दिला. "असो. हिकडे राहशील तर सुधारेल."

मराठी सुधारायला मी चेन्नईला आले हे साताऱ्यात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

वरचा मजला आम्हाला मिळाला. खाली अक्का, त्यांचा मुलगा, सून आणि नात श्रुती. त्यांच्या हॉलच्या भिंतीवर अक्कांच्या सासूसासऱ्यांचे फोटो होते, चंदनाचे हार घातलेले, कपाळाला गंध लावलेलं. त्यांच्या शेजारी एक खिळा होता आणि त्यावर काहीच नव्हतं. पहिल्याच दिवशी मी त्याला माझी ओली छत्री अडकवायला गेले.

"तिथे नक्को," अक्का म्हणाल्या. "ती जागा ह्यांची."

हे म्हणजे अक्कांचे यजमान. रेल्वेच्या ऑफिसात होते, जाऊन वीस वर्षं झाली. एका पावसाळ्यात तळमजल्यावर गुडघ्याच्या वर पाणी चढलं तेव्हा कपाटाच्या खालच्या खणातल्या लग्नाच्या अल्बमचा लगदा झाला. रेशन कार्डावरचा फोटो इतका काळा की तो माणसाचा आहे एवढंच सांगता येतं. बाकी ह्यांचा एकही फोटो नव्हता, कारण घरात कॅमेरा ह्यांचा, आणि तो ते दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत. माळ्यावरचा बिस्किटांचा एक डबा तेवढा पाण्यातून वाचला होता. तो फोटोंनी भरलेला होता, पण ते सगळे ह्यांनी काढलेले. त्यांत अक्का होत्या, मुलं होती, समुद्र होता, देवळं होती.

श्रुतीचं लग्न तै महिन्यात, म्हणजे आपल्या पौष-माघात, करायचं ठरलं. त्यांच्या घरची रीत अशी की लग्नाच्या हॉलवर निघण्याआधी वधूने भिंतीवरच्या वडीलमाणसांना नमस्कार करायचा. अक्कांनी मला खाली बोलावलं आणि खिळ्याकडे बोट दाखवलं.

"तू फोटोवाली ना? पोर नमस्कार करतांना ही भिंत रिकामी दिसूं नये. ह्यांचा एक फोटो करून दे."

वीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा फोटो! मी "बघते हं अक्का" म्हणाले. आमच्या धंद्यात याचा अर्थ "नाही" असा होतो, पण अक्का आमच्या धंद्यातल्या नव्हत्या.

* * *

कुंभकोणमजवळच्या एका खेड्यात आम्ही विणकर कुटुंबांचे फोटो काढत होतो. एका घरात माझ्या मनासारखी सगळी जुळवाजुळव झाली. मागच्या दारातून येणारा उजेड, मागावर अर्धी विणलेली साडी, आणि घरातल्या आजोबांचा सुरकुत्यांनी भरलेला चेहरा. मी कॅमेरा उचलला आणि आजोबा म्हणाले, "दोन मिनिटं."

दोन मिनिटांनी अख्खं कुटुंब बाहेर आलं ते पावडर लावून. तमिळनाडूत कॅमेऱ्याला कोऱ्या चेहऱ्याने सामोरं जायची पद्धत नाही. आजोबांच्या सगळ्या सुरकुत्या बुजून गेल्या होत्या. सेंदिलने माझ्याकडे न बघता लाइट कमी केला.

मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये समजावलं, की मला पावडर नको, तुम्ही रोज दिसता तसेच हवेत, खरे. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझी दोन दिवस न बदललेली कुर्ती आणि धुळीने माखलेले केस बघून विचारलं, "तुम्ही लग्नाला अशाच जाता का?"

त्या दिवशीचा फोटो माझ्या आवडत्या फोटोंपैकी एक आहे. सगळे पांढरेफेक आहेत. आजोबांनी कॅमेरा सेंदिलच्या हातात द्यायला लावून मलाही मध्ये बसवलं, तेव्हा मीसुद्धा.

* * *

अक्कांचा फोटो काढायचा म्हटलं की वेगळीच अडचण. एरवी त्यांचे डोळे टपोरे, बारीक अक्षरसुद्धा चष्म्याशिवाय वाचतात. पण मी कॅमेरा उचलला रे उचलला की त्या डोळे किलकिले करून कपाळाला आठ्या घालतात.

एकदा गच्चीवर चांगली सावली बघून मी त्यांना बसवलं. आठ्या हजर!

"अक्का, डोळे उघडा ना. ऊन कुठेय?"

"ऊन नाही, पण कॅमेरा अहे ना." त्यांनी मला वेड्यात काढल्यासारखं बघितलं. "हे नेहमी सूर्य पाठीस घेऊन उभे राहत. सगळा उजेड आमच्या तोंडावर. चाळीस वर्षं तशी सवय झाली. आतां कॅमेरा दिसला की डोळे आपोआप मिटतात, मी काय करूं?"

मग मी कसा फोटो काढते ते त्यांनी जरा वेळ बघितलं आणि त्यांना राहवलं नाही. "तू अशी बाजूस कां उभी राहतेस? सूर्य पाठीस घे. कोण्ही शिकवलें नाही काय?"

* * *

पुदुक्कोट्टै भागात मी बहिणींचे फोटो काढायला घेतले होते. म्हाताऱ्या झालेल्या बहिणी, एकाच घरातून निघून वेगवेगळ्या गावी गेलेल्या, आता पुन्हा एकत्र बसलेल्या. विषय फार सुंदर होता आणि पहिल्याच घरात तो अडला. बहिणी तीन होत्या, आणि तिघांचा फोटो काढायचा नसतो. तिघांतलं एक जातं म्हणतात.

"मग चौथं कुणीतरी उभं करा," मोठी बहीण म्हणाली. घरात दुसरं कुणी नव्हतं. लाइट स्टँडवर लावून सेंदिल कडेला जाऊन उभा राहिला. मी त्याच्या कानात सांगितलं, "काळजी करू नकोस, नंतर तुला कापून टाकू."

हे धाकट्या बहिणीने ऐकलं. "त्याला कापलंत तर आम्ही परत तीनच राहणार की!"

सेंदिल फोटोत राहिला. त्या भागात तीन बहिणींची घरं इतकी निघाली की मला वाटायला लागलं तिथे हिशेबानेच मुली जन्माला घालतात. प्रत्येक फोटोत सेंदिल, उजव्या कडेला, हात मागे बांधून.

चेन्नईत प्रदर्शन लागलं. लोक आले, फोटोंसमोर उभे राहून उजेड आणि सावलीबद्दल बोलले. एक वयस्कर बाई मात्र सेंदिलचा प्रत्येक फोटो थांबून थांबून बघत होत्या. शेवटी माझ्यापाशी आल्या.

"हा मुलगा मोठ्या घराण्यातला दिसतो. सगळ्या मोठ्यांच्या बाजूला किती नम्रपणे उभा राहतो. याच्या लग्नाचं काही बघताय का?"

सेंदिल तेव्हा मागे प्रोजेक्टरची वायर सोडवत होता. त्याच्या बायकोने हा किस्सा जितक्यांदा ऐकलाय तितक्यांदा ती हसलेली नाही.

* * *

मुरुगेसनचं चहाचं दुकान विळुप्पुरमच्या रस्त्यावर आहे. भरघोस मिशा, एका हातातल्या पेल्यातून दुसऱ्या हातातल्या पेल्यात हातभर लांब चहा ओतायची लकब. मी त्याचा फोटो काढून एक मोठी प्रिंट दिली होती. पुढच्या वर्षी त्याच रस्त्याने येत होतो. त्या दिवशी गाडी मी चालवत होते आणि सेंदिल मागच्या सीटवर झोपला होता.

डाव्या हाताला भिंतीवर मुरुगेसन. माझाच फोटो, माणसापेक्षा मोठा, चारी बाजूंनी फुलांची नक्षी. इकडे माणूस गेला की त्याचे असेच बॅनर भिंतींवर लागतात. खाली बरंच काही लिहिलं होतं, पण मी तमिळ वाचते ती अक्षर अक्षर जोडून, आणि पहिला शब्द जोडून व्हायच्या आत भिंत मागे गेली.

पुढच्या वळणावर फुलांच्या दुकानातून हार घेतला, सेंदिलला हलवून उठवलं, "मुरुगेसन गेला रे" म्हणाले, आणि आम्ही त्याच्या घराकडे वळलो. दारात मांडव होता, माणसं मावत नव्हती. सेंदिल हळूच म्हणाला, "किती लोकांना जोडून ठेवलं होतं बघा."

तेवढ्यात कडक इस्त्रीची नवी वेष्टी नेसलेला मुरुगेसन स्वतःच बाहेर आला. नातीचे कान टोचायचा समारंभ होता. फोटो इतका सुरेख आलेला, म्हणून बॅनरवर त्याने स्वतःलाच छापलं होतं; नात कोपऱ्यात, लिंबाएवढी. माझ्या हातातला हार बघून तो गहिवरला. "अय्यो मॅडम, माझ्यासाठी एवढं कशाला!" म्हणाला आणि मान पुढे केली.

घातला. दुसरं काय करणार?

परतताना सेंदिल म्हणाला, "मॅडम, यापुढे भिंत दिसली की आधी मला उठवायचं."

घरी येऊन अक्कांना सांगितलं तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "भ्यायचें काम नाही. जिवंत माणसास हार घातला तर आयुष्य वाढते. जिवंत माणसाच्या फोटोस मात्र घालूं नये."

* * *

नवऱ्याच्या ऑफिसातला किस्सा लहान आहे, पण तो सांगितला नाही तर आनंद रागावतो. आनंद म्हणजे माझा नवरा. त्याच्या सिरुसेरीच्या कंपनीला वेबसाइटसाठी कर्मचाऱ्यांचे फोटो हवे होते. पोझ दिलेले नकोत, काम करता करता सहज हसताना टिपलेले हवेत, असा मॅनेजरांचा आग्रह. मी म्हटलं, छान, मी नुसती फिरत राहते.

मी पोचायच्या आधीच मॅनेजरांनी सगळ्या टीमला कॅलेंडरवर निमंत्रण पाठवून ठेवलं होतं. विषय: सहज हसणे. वेळ: पंधरा मिनिटं. जागा: कॉफी मशीनजवळ.

सगळे वेळेवर येऊन हसले. आनंद आला नाही. त्याने निमंत्रणावर "नक्की नाही" असं कळवलं होतं.

* * *

इकडे लग्न जवळ येत चाललं होतं आणि खिळा तसाच होता. अक्का मला रोज जिन्यात भेटत आणि काही विचारत नसत. हे विचारण्यापेक्षा वाईट. एकदा मी वर जाताना बघितलं, त्या फडक्याने तो नुसता खिळाच पुसत होत्या. मला फार वाईट वाटलं.

शेवटी श्रुतीने मनावर घेतलं. तीही सिरुसेरीलाच कामाला. तिने वडिलांचे आणि काकांचे तरुणपणचे फोटो मोबाइलमधल्या एका ॲपला खाऊ घातले, वर आजोबांची उंची, रंग, मिशी वगैरे लिहून दिलं. ॲपने एक गृहस्थ तयार केले. काय रूप! रुंद जबडा, दाट केस, कान डोक्याला चिकटलेले, नजर दूर कुठेतरी. सेंदिलने त्याची मोठी प्रिंट काढली आणि आम्ही सगळे अक्कांसमोर जाऊन उभे राहिलो.

अक्कांनी फोटो हातात धरून पुष्कळ वेळ बघितला.

"देखणा अहे. कोण हा?"

"पाटी, दिस इज ताता," श्रुती म्हणाली. पाटी म्हणजे आजी, ताता म्हणजे आजोबा.

"नव्हे."

"पण ऑलमोस्ट तसेच ना?"

अक्कांनी फोटो पालथा घातला. "उद्यां मी वर गेल्यावर हे विचारतील, भिंतीवर तो कोण बसवला होतास म्हणून. मी काय सांगूं?"

त्या गृहस्थांना आम्ही वर आणलं. आनंद त्यांना "पाहुणे" म्हणतो.

* * *

मग सेंदिलच्या डोक्यात आलं की ह्यांचा फोटो नाही तर नाही, ह्यांनी काढलेले फोटो तरी नवे करून अक्कांना देऊ. लग्नाची भेट. अक्कांनी बिस्किटांचा डबा काढून दिला. "स्वच्छ कर, पा. बुरशी धरली अहे." सेंदिलला त्या लाडाने "पा" म्हणतात.

सेंदिलने आठवडाभर दुसऱ्या कामाला हात लावला नाही. प्रत्येक फोटो स्कॅन केला, बुरशी काढली, ओरखडे बुजवले, मोडलेले कोपरे पुन्हा भरले. काम इतकं देखणं झालं की मीसुद्धा बघत राहिले. मोठ्या प्रिंट काढून आम्ही त्या अक्कांच्या मांडीवर ठेवल्या. श्रुती आणि तिची आई दोन्ही बाजूंनी वाकून बघू लागल्या.

अक्कांनी पहिला बघितला. दुसरा बघितला. तिसरा उलटा करून मागची बाजू बघितली. मग पुन्हा पहिला घेतला.

"ह्यांत हे कुठे गेले?"

आम्हाला कळेना. श्रुतीची आई हळूच म्हणाली, "अम्मा, ते फोटो काढत होते ना, ते कसे असतील?"

"ते मज ठाऊक अहे. मी अहे, पोरें अहेत, समुद्र अहे. हे होते, ते कुठे गेले?" आणि त्यांनी हात पुढे केला. "माझा डबा दे."

डब्यातून त्यांनी जुना, पिवळा पडलेला एक फोटो काढला. मरीनाची वाळू, संध्याकाळ. तरुण अक्का समुद्राकडे पाठ करून उभ्या, उन्हाने डोळे किलकिले केलेले. आणि खालून, फोटोच्या कडेपासून त्यांच्या पायांपर्यंत, वाळूवर पसरलेली एक लांब सावली. कॅमेरा पोटाशी धरल्यामुळे दोन्ही कोपरं बाहेर आलेली. वर डोकं, आणि डोक्याच्या दोन बाजूंना दोन कान, चहाच्या कपाला असतात तसे.

अक्कांनी त्या कानावर बोट ठेवलं. "हे."

डब्यातला दुसरा फोटो, देवळाचं अंगण, सावली. तिसरा, घराची पायरी, सावली, पायरीवर मोडलेली. प्रत्येक फोटोत ते होते. आणि सेंदिलने प्रत्येक फोटोतून ते डाग समजून काढून टाकले होते.

सेंदिल अक्कांच्या पायांशी बसून प्रिंट गोळा करायला लागला. अक्कांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तू काय करशील, पा. तुझा त्यांचा परिचय नव्हता."

श्रुती फोटोकडे बघत होती. तिने केस मागे घेऊन स्वतःच्या कानाला हात लावला. कॉलेजात असल्यापासून ती कान झाकून केस बांधते, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

सेंदिलने मरीनाचा फोटो पुन्हा केला. या वेळी त्याने बुरशी काढली आणि सावलीच्या आसपास फिरकलासुद्धा नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी फ्रेम तयार होऊन आली, आणि श्रुतीच्या आईने हात जोडून सांगितलं की ही भिंतीवर लावायला हरकत नाही, पण हिला हार घालता येणार नाही. फोटोत अम्मा आहेत, आणि अम्मा तर समोर बसल्या आहेत, देवाच्या दयेने. लग्नाच्या दिवशी असलं अभद्र नको. त्यांचंही बरोबर होतं. पण भिंतीवर एकाला हार आणि एकाला नाही, हेही बरं दिसेना. बाहेर गाड्या येऊन उभ्या होत्या.

सेंदिल पुढे झाला. "पाटी, पाच मिनिटं द्या. मी तुम्हाला फोटोतून काढतो. नुसती वाळू आणि सावली ठेवतो. मग हार घालता येईल."

अक्कांनी त्याच्याकडे बघितलं, मग फोटोकडे. "मीच नाही, तर मग हे तिथे कोणाचा फोटो काढताहेत?"

श्रुतीच्या आईने डोळ्यांना पदर लावला.

अक्का उठल्या. फ्रेम त्यांनी स्वतः खिळ्याला लावली. उगाळलेलं गंध बोटावर घेतलं आणि दोन कानांच्या मधे, जिथे कपाळ असेल तिथे, एक ठिपका लावला. मग हार सेंदिलच्या हातात दिला.

"खाली बांध," त्या म्हणाल्या. "वर जी उभी अहे, तिला अजून वेळ अहे."